उठताना

बाहेर शेहेचाळीस.
मेडिकलच्या शरीरक्रिया विभागात
माझ्या काचेच्या भांड्यात सदतीस.
मे महिन्यात अख्ख्या नागपुरात
याहून गार जागा मला ठाऊक नाही.

भांड्यात दोन तारांवर ताणलेलं
धमनीचं एक कडं, तांदळाच्या कणीएवढं,
काल संध्याकाळपर्यंत उंदराच्या शेपटीत होतं.
खालून बुडबुडे.
टेंभुर्णे मामा चहा ठेवतात, वाकून बघतात,
"जित्तं हाय का जी अजून?"
मी बटण दाबते.
थोडा वेळ काहीच नाही. मग कडं आवळतं,
पडद्यावर रेघ चढू लागते.
आहे, मामा.

या धमनीभोवतीचा मज्जातंतू
पहिल्यांदा भिंगाखाली पाहिला, तेव्हा हसूच आलं होतं.
सरळ नाहीच मुळी. गाठच गाठ.
तांडापेठेत असलं सूत मागावर चढलं असतं
तर बाबांनी सूतवाल्याचा उद्धार केला असता.
डोळे मिटून ते बोटांनी ताणा चाचपत,
गाठ लागली की कच्.
"लुगड्यात गाठ राह्यली का लुगडं घरी परत येते."

इथे गाठीतच सगळं साठवलेलं.
गाठीत इवल्या पिशव्या, पिशव्यांत निरोप,
आणि धमनीचा स्नायू समोर, न चिकटता,
सोवळ्यातल्यासारखा जरा अंतरावर.
आधी सुटतो एटीपी,
दारातूनच हाक मारून पळणारं पोर.
मागून नॉरॲड्रेनॅलिन, ते काम करवून घेतल्याशिवाय हलत नाही.
फारच निकड असेल, ठोक्यावर ठोके पडत असतील,
तर न्यूरोपेप्टाइड वाय,
भंडाऱ्याचा पाहुणा: येतो उशिरा,
पण आला की मुक्कामालाच.

मला चकित केलं ते वेगळ्याच गोष्टीनं.
शंभर वेळा झटका येतो तेव्हा एखादी गाठ
कशीबशी एक पिशवी सोडते.
बाकी वेळा मुकी.
तरी कडं आवळतं,
हजारो गाठींत कुणी ना कुणी बोलतंच.
आणि बोललेलं बरंचसं गाठ पुन्हा आत ओढून घेते,
कांडीवर उरलेलं सूत
बाबा गुंडाळून डब्यात टाकत, तसं.

बाबा आता खाटेवरून हप्त्याहप्त्यानं उठतात.
चोवीस वर्षांची साखर.
आधी पाय खाली, मग वीसपर्यंत मोजायचं,
मग माझा खांदा.
परवा रात्री मला न उठवता
कूलरमध्ये पाणी टाकायला गेले
आणि बादलीसकट पडले.
"काई नाई झालं व. अंधारी आली फक्त."

ओल्या फरशीवर त्यांच्याजवळ बसून
मी पहिल्यांदाच त्यांना माझं काम सांगितलं.
माणूस उभा राहिला की अर्धा लिटर रक्त
पायांकडे घसरतं, बाबा.
तेव्हा गाठींनी बोलायचं असतं, नळ्या आवळायच्या असतात.
तुमच्या गाठी झडत चालल्यात.

ते बराच वेळ धोतर पिळत राहिले.
"म्हंजे मी कातरल्या, त्याच का?"

नाही हो. साखरेनं. तसं नसतं काही.
"नसन," म्हणाले.
पण बोटं गुडघ्यावर फिरत होती,
डोळे मिटलेले.

आज वही उघडली. मन्साराम हेडाऊ.
झोपून एकशेपन्नास. उभ्यानं नव्वद.
ओळीपुढे मी काहीच लिहिलं नाही.
पाय खाली सोडून बसलेत,
बारीक, तेलकट, मागावर झिजलेले पाय.
मी मोजतेय. सात. आठ.
"त्या उंदराचं," मधेच विचारतात,
"उरलं ते तुम्ही फेकता?"
हो.
नऊ.
"आवळते म्हणते ना पण? शेवटपर्यंत?"
चुकले मी आकडा. पुन्हा एकपासून.
"मोज सावकाश," बाबा म्हणतात,
"एखादी बोलन."